गल्ली रिकामी करण्याचा सराव

भूकंप आला तर काय करायचं, याचं रीतसर शिक्षण घेतलेला आमच्या गल्लीत मी एकटाच आहे. त्याचा गल्लीला उपयोग झाला, पण तो कसा झाला हे मी सहसा सांगत नाही.

जबलपुरात मोठा भूकंप झाला तेव्हा मदन महलच्या आमच्या घराची गच्चीवरची अर्धी कठडाभिंत अंगणात आली होती. सगळे बाहेर पळाले आणि माझी आई आत चपला शोधत बसली होती. (चपला पायातच होत्या.) पुढच्या खेपेला आई वेळेत बाहेर आली पाहिजे, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी वॉर्ड ऑफिसात इतके अर्ज केले की तिथला बाबू मला पाहून जेवणाची सुटी जाहीर करी.

शेवटी सरकारला जाग आली आणि स्वयंसेवकांचं प्रशिक्षण निघालं. शिकवणारे साहेब उशिरा आले, ‘सबसे पहले, घबराइए मत’ असं म्हणाले आणि घाईघाईनं निघून गेले. उरलेलं मी पुस्तिका वाचून शिकलो. भोंगा वाजला की गॅस बंद करायचा, काही न उचलता बाहेर पडायचं आणि मोकळ्या मैदानात जमायचं. मला एक पिवळं हेल्मेट आणि एक शिट्टी मिळाली.

भोंगाही आला. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचा, जुना, पण दणदणीत. तो पाण्याच्या टाकीवर चढवला आणि तपासणीचं काम मी स्वतःकडे घेतलं. मी फॅक्टरीत तपासणी विभागात आहे. माल पास केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. आवाज गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत स्वच्छ जातो, हे मी स्वतः तिथे उभा राहून पाहिलं आणि सही केली. आवाज पोचल्यावर ऐकणारा काय करतो, हे तपासायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

सराव रविवारी सकाळी ठरला. साहेबांनी आधीच बजावलं होतं, “वानखेड़े जी, लोग बाहर आए तो सायरन आपका। नहीं आए तो दूसरे वार्ड को दे देंगे।”

मी मैदानात हेल्मेट घालून उभा. शेजारी साहेब खुर्चीवर, हातात घड्याळ. भोंगा वाजला. एकही दार उघडलं नाही. थोड्या वेळानं मात्र घराघरांतून प्रेशर कुकरच्या शिट्ट्या यायला लागल्या.

आमची गल्ली फॅक्टरीवाल्यांची. भोंगा झाला म्हणजे पाळी सुटली, माणूस घरी निघाला, कुकर चढवा! इतक्या वर्षांची सवय. गॅस बंद करण्याच्या इशाऱ्यावर आख्ख्या गल्लीनं गॅस पेटवला होता.

“खाना अच्छा बनता है इधर,” साहेब वास घेत म्हणाले.

मी घाईनं दुसरा उपाय काढला. लाउडस्पीकर लावलेली रिक्षा तयार ठेवली होती, ती गल्लीत सोडली. ‘सभी नागरिकों को सूचित किया जाता है’ एवढंच ऐकू आलं आणि पुढचे शब्द नळांच्या आवाजात बुडाले. ती रिक्षा एरवी एकाच कामासाठी यायची: उद्या पाणी येणार नाही हे सांगायला. त्यामुळे पुढचं ऐकायची गरज कोणाला वाटलीच नाही. लोक आणखी आत गेले आणि ड्रम, बादल्या, तपेली भरत बसले. आमच्या खिडकीतून आईचा आवाज आला, “सुनंदा, आंघोळीचा हंडाही भरून घे वं.”

आता संताप माझ्या हेल्मेटात मावेना. मी गल्लीत घुसलो आणि शिट्टी फुंकली. या वेळी दारं खरंच उघडली. मी आशेनं वळून पाहिलं. सगळ्यांत आधी शेजारच्या चौबे भाभी आल्या आणि भाजीच्या सालींची बादली माझ्या पायाशी ठेवून म्हणाल्या, “अच्छा, अब कचरेवालों को टोपी भी मिलने लगी?” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “अरे भाई साहब, आप? फैक्टरी छूट गई क्या?”

त्यांच्यामागून बादल्यांची रांगच लागली. बादल्या ठेवून सगळे परत आत. माझी स्वतःची मुलगी दारातून ओरडली, “मम्मी, कचरेवाले भैया तो पापा हैं.”

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. “वानखेड़े जी, सायरन उतरवा लेते हैं।”

मी तडक घरी गेलो. सुनंदा, माझी बायको, गॅससमोर उभी होती.

“गॅस बंद कर. भूकंप झाला आहे.”

“कधी?”

“आत्ता. भोंगा ऐकला नाही का?”

“ऐकला न. म्हणून तर भात लावून राहिले.”

“रात्रभर मी सांगून राहिलो की सायरन वाजेल, बाहेर ये.”

“सायरन सांगितला होता. हा तर आपला भोंगा होता. आणि काहून ओरडून राहिले एवढे? बाहेर चला, आईंना त्रास होते.”

मी बाहेर आलो. सुनंदा हातातल्या पळीसकट मागे आली. मी म्हणालो, खरा भूकंप असता तर तू कुकरसोबत गेली असतीस. ती म्हणाली, “मागच्या वेळी भिंत पडली, सासूबाई चपला शोधून राहिल्या होत्या, अन् तुम्ही पट्टी घेऊन भेग मोजून राहिले होते.” मी म्हणालो, भेगेची नोंद लागते. ती म्हणाली, “माझ्या भावाच्या लग्नात लाडू किती कमी पडले, ते माइकवर सांगितलं, ती पण नोंदच होती का?”

लोकांनी ऐकू नये म्हणून मी मागे सरकत गेलो. ती पुढे येत गेली. भांडण मराठीत असल्यामुळे शेजाऱ्यांना लांबून नीट समजत नव्हतं. म्हणून ते जवळ आले. खिडक्या उघडल्या, मग दारं उघडली. जिथे भोंगा, रिक्षा आणि शिट्टी हरली, तिथून माणसं आपल्या पायांनी बाहेर पडली, हातात काहीही न घेता, अगदी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे. मी मागे मागे सरकत मैदानाच्या मधोमध पोचलो तेव्हा सगळी गल्ली माझ्याभोवती गोल उभी होती.

“चौबे भाभी, गैस?” मी केविलवाण्या आवाजात विचारलं.

“बंद करके आई हूँ. पता नहीं कितना टाइम लगे.”

आणि आई? ती सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत उभी होती. चपलाही न घालता. “थांबली काहून?” तिनं सुनंदाला विचारलं. “लाडवांचं अर्धंच झालं.”

साहेब खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. “बहुत बढ़िया! एक भी आदमी अंदर नहीं। सायरन यहीं रहेगा।” मग त्यांनी मला बाजूला घेतलं. “अगले इतवार गोहलपुर में ड्रिल है। वहाँ सायरन अभी आया नहीं है। आप दीदी को लेकर आ जाइए न।”

मी तत्त्वाचा माणूस आहे. आपत्ती व्यवस्थापन म्हणजे तमाशा नव्हे, हे त्यांना ठणकावून सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात सुनंदानं पळी पदराला पुसली आणि म्हणाली, “आ जाएँगे भैया. तैयारी भी नहीं लगती. इनको देखते ही सब याद आने लगता है.”