तोंडभर खिळे

कामिसे गावात तोमेजी साकाकुराइतकं बोलणारं माणूस दुसरं नव्हतं, आणि त्याच्याइतका वेळ गप्प राहणारंही नव्हतं. तोमेजी देवळांची छपरं हिनोकी झाडाच्या सालीनं शाकारायचा, आणि त्या कामात खिळे तोंडात धरावे लागतात. एका हातानं साल दाबून धरायची, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळा पुढे करायला उरते ती जीभच. बांबूचे भाजून काढलेले मूठभर खिळे गालात भरायचे, जिभेनं एकेक वळवून त्याचं बूड ओठांवर आणायचं, हातोडीच्याच हाताच्या दोन बोटांनी खिळा उचलायचा, टेकवायचा आणि ठोकायचा. सकाळभर छपरावरून नुसती ठकठक ऐकू यायची. चहाला तोमेजी खाली उतरला की त्याच्या तोंडाचा जो पट्टा सुटायचा, तो चहा गार झाला तरी थांबायचा नाही.

"देवानं यांना बरोब्बर धंदा दिलाय," त्याची बायको यासुए सांगायची. "तोंडात खिळे नसते तर मी कधीच माहेरी निघून गेले असते."

खिळे तोंडात असताना हसायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. तोमेजीनं तो तरुणपणी एकदाच मोडला. तेव्हा देवस्थानाच्या सभामंडपाचं छप्पर त्याचा बाप शाकारत होता आणि तोमेजी शेजारी बसून ठोकत होता. खालून थोरले पुजारी चालले होते. वाऱ्यानं त्यांची उंच काळी टोपी उडाली, ती थेट तळ्यात पडली, आणि तळ्यातलं म्हातारं कासव ती डोक्यावर घेऊन निघालं. तोमेजीला हसू फुटलं आणि हसता हसता त्यानं एक खिळा गिळला. पोटाला काही झालं नाही. गावाला मात्र जन्माचा विषय मिळाला. सभामंडपाला एक खिळा कमी आहे, तो तोमेजीच्या पोटात आहे, असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगायचं.

पुढे मोठा भूकंप झाला, त्यात सभामंडप पडला. पडला म्हणजे खांब आडवे झाले आणि अख्खं छप्पर, कोंबडी अंड्यांवर बसावी तसं, जमिनीवर येऊन बसलं. मागचा गाभारा तेवढा जागच्या जागी राहिला. सगळं गाव तिथं जमलं. तेव्हा टोफूवाली ओकिमी म्हणाली, "बघ तोमेजी, तुझ्या त्या एका खिळ्यापायी पडला." सगळे हसले. तोमेजीही हसला, आणि मग देवदाराच्या बुंध्याआड जाऊन लहान पोरासारखा रडला. ते छप्पर त्यानं आणि त्याच्या बापानं मिळून केलेलं शेवटचं काम होतं.

त्यानंतर कित्येक वर्षं लोक ताडपत्री घातलेल्या त्या ढिगासमोर उभे राहून वाकायचे, देवाला हाक म्हणून टाळ्या वाजवायचे, पावसात भिजत नवस बोलायचे. सुतारांनी तो ढीग एकेक तुळई सोडवून उकलला. जुनं लाकूड जेवढं धड होतं तेवढं ठेवलं, कुजलेल्या खांबांना खालून नव्या लाकडाचे पाय जोडले. ते जोड इतके घट्ट होते की मध्ये केस शिरला नसता. तोमेजी रोज बघायला जायचा आणि सुतारांना त्यांचंच काम समजावून सांगायचा. सुतार वैतागायचे. पण सांगाडा उभा राहिल्यावर छप्पर शाकारायचं ते तोमेजीनंच, यात कुणाला शंका नव्हती. सालीच्या जुड्या बांधून तयार होत्या.

आणि ऐन हिवाळ्यात, सकाळी जेवता जेवता, त्याच्या हातातल्या जेवायच्या काड्या गळून पडल्या. तोंड डावीकडे ओघळलं. अर्धांगाचा झटका हलका होता, डॉक्टर म्हणाले, नशीब. हात परत आला, पाय परत आला. जीभ परत आली नाही. बोलायला गेलं की शब्द चिखलात रुतल्यासारखे यायचे आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ गळायची. तोमेजीनं बोलणंच सोडून दिलं.

बर्फ वितळायच्या बेताला हिदेमासा साकेची बाटली घेऊन आला. हा त्याच्याच हाताखाली शिकलेला, आता पन्नाशीला टेकलेला, आणि तोमेजी आजारी पडल्यावर कामाचा मुख्य झालेला. गुडघ्यांवर हात ठेवून तो बसला. मग म्हणाला, "उस्ताद, साल तासायला तुमच्यासारखा हात नाही कुणाचा. खाली शेडमध्ये बसून तेवढं बघाल का? वरचं आम्ही करतो."

त्यात अपमान काही नव्हता. साल तासणं हे मानाचंच काम आहे. पण वर ठकठक चालू असताना खाली बसायचं, हे तोमेजीला फार लागलं. तो मान डोलवून हो म्हणाला आणि हिदेमासा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

यासुएला आयुष्यभर हवी होती ती शांतता आता घरात आली होती, आणि ती तिला सोसवेना. दवाखान्यातल्या बाईंनी जिभेचे व्यायाम दिले होते, 'ला ला' म्हणा, गाल फुगवा. ते करायला तोमेजीला लाज वाटायची. शेवटी एक दिवस यासुएनं नदीतले उगुई मासे आणले, मीठ लावून भाजले आणि त्याच्यापुढे ठेवले. उगुई म्हणजे काट्यांचं नुसतं जाळं. आमच्याकडे पाहुण्याला कधी वाढत नाहीत.

"हात मांडीखाली घाला," ती म्हणाली. "मी भरवते. काटे जिभेनं काढायचे. बोट लावलंत तर रात्रीचं जेवण नाही."

तोमेजीनं तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी बाई उठून गेली असती. यासुए हलली नाही.

पहिले कितीतरी दिवस ती त्याची हनुवटी पुसत होती आणि तो डोळ्यांत पाणी आणून खोकत होता. एकदा काटा घशात अडकला तेव्हा ती इतकी घाबरली की हा उद्योग बंद करते म्हणाली. तर तोमेजीनंच स्वतःहून हात मांडीखाली घातले. मासे संपत नव्हते आणि हेका कुणीच सोडत नव्हतं. नदीवरचा मासेवाला विचारायला लागला, तुमच्याकडे मांजरं किती आहेत म्हणून. हळूहळू काटे ओठांवर यायला लागले, आधी आडवे, मग सरळ. भाताची लावणी आटोपली त्या सुमारास तोमेजीनं एका जेवणातले सगळे काटे ताटलीच्या कडेला ओळीनं मांडले, आणि कितीतरी महिन्यांनी पहिलं धड वाक्य बोलला.

"मीठ जास्त झालंय."

यासुए स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडली.

काट्यांनंतर खिळे आले. अंगणात फळीवर साल अंथरून तो ठोकत बसायचा. गळायचे, पुन्हा भरायचा. इकडे सभामंडपाचं मागचं पाखं पुरं झालं, पुढचं अर्ध्यावर आलं. सुगीचा उत्सव नव्या मंडपात करायचा असं गावानं ठरवलं होतं. तोमेजीनं ओळखलं, आता नाही तर कधीच नाही. साल तासायची सुरी खाली ठेवून तो चहाच्या वेळी हिदेमासासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, मला वर यायचंय.

हिदेमासाची पंचाईत झाली. शाकारणारे पाख्यावर एका ओळीत बसतात. प्रत्येकानं आपला पट्टा ठोकायचा आणि सगळ्यांनी मिळून बोटभर वर सरकायचं. एक जण मागे पडला तर सगळी ओळ हातोड्या मांडीवर ठेवून त्याची वाट बघते. इकडे उस्तादाला नाही म्हणवत नव्हतं आणि तिकडे ओळ मोडून चालणार नव्हती.

"एक ओळ," तो शेवटी म्हणाला. "ओळ तुमच्यासाठी थांबली तर तुम्हीच उतरा, उस्ताद. मला सांगायला लावू नका."

"नाही लावणार," तोमेजी म्हणाला.

तोमेजी परांची चढायच्या आत बातमी गावभर झाली. ओकिमी टोफूची गाडी तशीच टाकून आली. यासुए शेडपाशी उभी राहिली, हात एप्रनमध्ये घट्ट गुंडाळून. तोमेजीनं ओळीच्या मधली जागा घेतली, मूठभर खिळे तोंडात टाकले आणि साल दाबली.

पहिला खिळा ओठांवर आला आणि डावीकडून निसटला. पाख्यावरून टुणटुण उड्या मारत तो वळचणीवरून खाली आला आणि यासुएच्या पायाशी पडला. वर सगळ्यांची तोंडं भरलेली होती, खाली सगळ्यांची कोरडी पडली होती. यासुएनं वाकून खिळा उचलला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

वर तोमेजी क्षणभर डोळे मिटून बसला. मग त्यानं जिभेनं सगळे खिळे उजव्या गालात लोटले. डावी बाजू नाही ऐकत तर बसू दे घरी. ओठाच्या त्या ओघळत्या डाव्या बाजूवर त्यानं दात रोवला आणि पुढचा खिळा उजव्या कोपऱ्यातून बाहेर काढला, सरळ, बूड पुढे. ठक. मग दुसरा. ठक. हनुवटीवरून लाळ वाहत होती, ती त्यानं वाहू दिली. शेजारचे दोघे पुढे गेले होते. अर्ध्या पट्ट्यात त्यानं त्यांना गाठलं. शेवटच्या हातभर जागेत तर त्याची ठकठक सगळ्यांच्या वर ऐकू येत होती, आणि खाली ओकिमी तालावर मान हलवत होती. ओळ पुरी झाली. सगळ्यांनी हातोड्या एकदम उचलल्या.

ओळ थांबली नव्हती.

हिदेमासा पाख्यावरून सरकत त्याच्यापाशी आला. तोंडात खिळे होते, त्यामुळे बोलता येत नव्हतं, आणि डोळे भरले होते, त्यामुळे बघताही येत नव्हतं. त्यानं आपल्या पिशवीत हात घातला, मूठभर खिळे काढले आणि तोमेजीपुढे ओंजळ धरली. तोमेजीनं ते तोंडात भरले. सगळी ओळ बोटभर वर सरकली.

संध्याकाळपर्यंत तो उतरला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही, सगळ्यांच्या आधी परांचीवर तो होता. आढ्यापर्यंतचं पुढचं पाखं त्यानं ओळीत बसूनच पुरं केलं.

उत्सवाच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. नव्या सालीचं छप्पर उन्हात मधासारखं दिसत होतं आणि आतल्या लाकडाचा वास पार देवस्थानाच्या कमानीपर्यंत येत होता. जुने खांब नव्या पायांवर ताठ उभे होते. ढोल वाजला. म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, शहरातून आलेले लेक-सुना, सगळं गाव मंडपात मावलं, आणि किती वर्षांनी सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर होतं.

तोमेजी पायऱ्यांपाशी उभा राहून त्या ओळीची गोष्ट सांगत होता. शब्द अजून जरा ओले यायचे, पण थांबत नव्हते. पहिल्यांदा सुतारांना, मग पाहुण्यांना, मग ज्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांनाही. पुजारी पूजेला पुढे येऊन उभे राहिले तरी तो उजव्या गालाचं महत्त्व समजावतच होता. ओकिमीनं शुक शुक केलं. हिदेमासानं खांद्याला हात लावला. काही उपयोग झाला नाही.

तेव्हा यासुए पुढे झाली. तिनं किमोनोच्या पट्ट्यात दोन बोटं घालून एक बांबूचा खिळा काढला आणि नवऱ्यापुढे धरला. तोमेजीनं तो बघितला, ओळखला आणि एकदम गप्प झाला.

"तोंडात धरा," यासुए म्हणाली. "आणि या वेळी गिळू नका."