वहीत लिहिलेलं सोलापूर

मी बारामतीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा आमच्या एका सरांनी नवा उपक्रम सुरू केला. बारामती आणि इंदापूर तालुक्यातली शाळा सुटलेली, घरच्यांच्या हाताबाहेर चाललेली मुलं शोधायची. एकेकाची जबाबदारी एकेका विद्यार्थ्यानं घ्यायची, त्याला दहावीला परत बसवायचं आणि जमलं तर कुठंतरी उमेदवारीला लावायचं. नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. लोणी देवकरला कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि तिथं शिकाऊ मुलींनाही घेतात, असं सर सांगत.

मी पणदऱ्याहून एसटीनं ये-जा करायची. वडील प्राथमिक शिक्षक. रविवारी बुद्धवंदना झाली की ते आम्हा भावंडांना बसवून सांगायचे, आपल्याला कुणीतरी शिकवलं म्हणून आपण इथवर आलो, आता तुम्ही कुणाला तरी शिकवा. त्यामुळे सरांनी वर्गात विचारलं तेव्हा पहिला हात माझा वर गेला. पण ते एकच कारण नव्हतं. सर माझे निबंध वर्गात वाचून दाखवत. त्यांनी मान हलवली की माझा दिवस चांगला जायचा.

माझ्या वाट्याला आली ती भवानीनगरची मुलगी. सोळा वर्षांची. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर, आई ब्लाउज शिवायची. गणितात तीन मार्कांनी दहावी राहिलेली. पहिल्या रविवारी ती माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली. निवडता निवडताच म्हणाली, "माझं तुमाला कॉलेजात मार्क मिळत्यात व्हय?"

"मिळतात. दहा."

"मग पाच मला द्या. तीनच कमी पडल्यात."

तिथून आमचं जमलं. आईच्या ब्लाउजची मापं घेत आम्ही भूमिती केली. तोंडी हिशेबात ती माझ्यापेक्षा तयार होती, कागदावर मांडायचा मात्र तिला कंटाळा. चौथ्या महिन्यात एका दुपारी आई शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. तेव्हा ती वही बाजूला सारून म्हणाली, "ताई, मी गेल्या दिवाळीनंतर पळून गेलते. टेम्पोवाल्याबरोबर. सोलापूरला."

मग ती सांगत गेली. त्यानं लग्न करू म्हणून नेलं आणि स्वतःच्या मावशीकडे उतरवलं. मावशीनं तिला जवळ झोपवलं आणि सकाळी हाताला धरून परतीच्या एसटीत बसवलं. वर कंडक्टरला बजावलं, पोरीला मधी कुठं उतरू देऊ नका.

"आयनं आबांना सांगितलं, मामाकडं गेलती म्हणून. आबांना ठावं न्हाय. तुमी कुणाला बोलायचं न्हाय."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

बोलले नाहीच. लिहिलं. प्रत्येक आठवड्याला सरांना नोंदवही द्यावी लागायची. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मनातलं सगळं लिहा. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही." मी चार पानं लिहिली. मावशीची हातावरची पकड, एसटीची खिडकी, सगळं. लिहिताना वाईट वाटत होतं आणि छान उतरतंय हेही कळत होतं. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईनं लिहिलं होतं, 'उत्तम.'

ऑक्टोबरच्या परीक्षेत ती गणितात सुटली. सरांच्या शब्दावर लोणी देवकरच्या एका कारखान्यात पॅकिंगला तिची उमेदवारी ठरली. सोमवारी कामावर जायचं होतं. त्याआधीच्या शनिवारी इंदापूरला उपक्रमाचा कार्यक्रम होता. पाहुणे आले होते, पालकांना बोलावलं होतं. ती आईवडिलांबरोबर तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

सर भाषणाला उठले तेव्हा त्यांच्या हातात माझी वही होती.

"मुलीचं नाव मी बदललं आहे," ते म्हणाले आणि वाचू लागले. भवानीनगर. बॉयलरवरचे वडील. शिवणकाम करणारी आई. तीन मार्क. मग टेम्पो, मग सोलापूर, मग मामाकडे गेल्याची थाप. सर फार सुंदर वाचायचे. तिसऱ्या रांगेत साखर कारखान्यातलीच आणखी दोन माणसं होती. ती आधी एकमेकांकडे आणि मग तिच्या वडिलांकडे बघायला लागली.

टाळ्या झाल्या. सरांनी माझं नाव पुकारलं. मी उठले, व्यासपीठावर गेले आणि पुष्पगुच्छ घेतला.

खाली आले तोवर ते तिघं बाहेर पडले होते. मी धावत फाटकापाशी गेले. वडील पुढं निघून गेले होते, आई त्यांच्या मागं. ती थांबली.

"तुमी लिवलं व्हय?"

"हो. पण सर म्हणाले होते..."

"मी तुमाला सांगितलं हुतं. वहीला न्हवतं सांगितलं."

एवढं बोलून ती गेली.

सरांना मी गाठलं तेव्हा ते पाहुण्यांबरोबर चहा घेत होते. बाजूला बोलावलं तर हसत आले. मी म्हणाले, "सर, वही कुणी वाचणार नाही म्हणाला होतात."

"मीच वाचली ना? नावही बदललं."

"तिचे वडील समोर बसले होते, सर. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं."

त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, "कधीतरी कळणारच होतं. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पाहिलंस का? तुझ्या लेखणीचं यश आहे ते." माझ्या खांद्यावर थोपटून ते परत चहाकडे गेले. ज्या माणसाच्या शब्दावर मी परक्याच्या घरात शिरले होते, त्याला माझ्या शब्दाचं काहीच वाटत नव्हतं. मी तो उपक्रम सोडला. त्यांच्या तासाला जाणंही सोडलं.

सोमवारी ती कामावर आली नाही, असं कळलं. मी भवानीनगरला गेले. आई दारातच उभी राहिली.

"ती मामाकडं हाय. आता खरंच धाडलीया," ती म्हणाली. "बाई, तुमी येऊ नगा. हे माझ्याशी बोलायचं बंद झाल्यात. पोरीला काय बोललं न्हाईत. मी खोटं बोलले, त्येवढंच धरून बसल्यात."

तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दोन-अडीच महिन्यांनी लोणी देवकरच्या त्या कारखान्यातल्या, उमेदवारी ठरताना ओळख झालेल्या सुपरवायझरबाई मला बारामतीच्या बाजारात भेटल्या. ती मुलगी वडिलांना घेऊन स्वतःच आली, म्हणाल्या. वडील फाटकाबाहेर उभे राहिले, आत हीच बोलली. "तुमचं नाव काढलं मी. तर म्हणाली, मला कुणी धाडलेलं न्हाय, माझी मी आले."

सरांनी मला फसवलं, हे मी बरीच वर्षं ज्याला त्याला सांगत आले. ते खरंच आहे. पण वचन तिला मी दिलं होतं, सरांनी नव्हे. ती चार पानं सरांनी मान हलवावी म्हणूनच मी इतकी घोटून लिहिली होती, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

पुढं इंदापूरला मी शाळेत लागले. एकदा स्टँडवर ती दिसली. कारखान्याचा निळा ड्रेस, बरोबर चार-पाच जणी. तिनं मला ओळखलं, जवळ आली.

"बऱ्या हायसा का?"

"बरी आहे. तू?"

"आता माझ्या हाताखाली पोरी हायत्या."

"आणि आई?"

"हाय की. आबा बोलत्यात आता तिच्याशी. कामापुरतं."

तिची गाडी लागली. बाकीच्या जणी चढायला लागल्या. मी घाईघाईनं म्हणाले, "माझं चुकलं तेव्हा."

"व्हय," ती म्हणाली आणि गाडीत चढली.