पट्टी सैल बांध

हे मी पंचफुला जिवंत होती तवा बोललो नाही. तिच्या तेरवीत लोकं तिच्या हाताची तारीफ करून राहिले होते, तवाही मान खाली घालून जेवलो. आता तुमाले सांगतो — काहून सांगतो, ते मलेच नीट माहीत नाही.

पंचफुला म्हणजे माही बायको. आमच्या सौंसरकडं संत्र्याची कलमं बांधायचं काम मी जवानीपासून करतो. जंबेरी लिंबाच्या रोपाले चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीवरचा डोळा काढून त्या सालीत बसवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची. डोळा हिरवा राहिला तं लागला, काळा पडला तं मेला. रामाकोन्यापासून बोरगावपर्यंत लोकं मले बोलावून नेत. चौथी शिकलेला माणूस मी — दुसरं काय होतं माह्याजवळ, ज्याच्यानं कोणी नाव काढन?

गुडघे गेले तसा तिले कापूस वेचणं जमेना. एका थंडीत माह्या बाजूले येऊन बसली. म्हणे, "अजी, मलेही शिकवा. माह्या हातचं एक झाड पाहिजे मले वावरात."

आमच्याकडं म्हणतात, बाईच्या हातचा डोळा लागत नाही. मी हसलो. ती उठली नाही. चाकू धरायले शिकली, डोळा काढायले शिकली — अन् चांगलं शिकली. बोटं हलकी होती तिची. तिचा काप माह्याहून साफ येऊन राहिला होता. टपरीवर एक जण बोललाच, "बुढ्या, आता तू भाकरी थाप, बुढी डोळे बांधते." सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो तं ती विचारते, पट्टी कशी बांधू?

मी म्हणालो, "सैल बांध. झाडाले श्वास घ्यायले जागा पाहिजे."

"तुमी तं आवळून बांधता."

"माहा हात बसलेला हाय. नव्या माणसानं सैलच बांधावी."

खोटं होतं ते. सैल पट्टीतून हवा जाते, पाणी जाते, डोळा वाळून जाते. हे मले झोपेतही माहीत होतं.

त्या थंडीत तिचे सगळे डोळे काळे पडले. पुढच्या थंडीतही. त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या कोणी चाकू फेकून देला असता. ती काय करे? चाकू उकळून घे. हात साबणानं धुवे. दुसऱ्या झाडाचे डोळे आणून पाहे. मेलेल्या रोपाशी सुनेशी बोलावं तशी बोले — "काहून वं बाई, काय कमी केलं मी तुले?" सगळं बदलवून पाहिलं तिनं, माहं सांगणं तेवढं बदललं नाही. नवऱ्यानं सांगितलेलं कोण तपासते?

अन् मी? मी रोज तिच्या गुडघ्याले तेल चोळून देत होतो. मया होती हो. मया असून माणूस असं करते — मी केलं.

मंग एक दिवस मी लोधीखेड्याच्या बाजारात गेलो, भजे खाल्ले, गप्पा मारल्या, अन् तिची गुडघ्याची दवाई विसरून आलो. ती तरातरा गेली, रोपापाशी बसली अन् अशी आवळून पट्ट्या बांधल्या की जसा माहा गळाच होता तो.

ते डोळे लागले.

काय खूश झाली होती. मले हात धरून वावरात नेलं. म्हणे, "पाहा, राग आला का लागते." तिनं तेच खरं धरलं. पुढं दर थंडीत चाकू घेऊन निघाली की मले म्हणे, "अजी, थोडं भांडा ना माह्याशी. डोळे बांधायचे हायेत." मी म्हणो, "तुह्या बापानं लग्नात घड्याळ देतो म्हटलं, देलं नाही." ती ओठ आवळे, पट्टी आवळे, अन् मंग दोघंही हसो.

तवा सांगता आलं नसतं का? आलं असतं. पण सांगितलं असतं तं तिनं ती मेलेली रोपं आठवली असती — अन् माह्याकडं पाहिलं असतं. ते पाहणं मले नको होतं. ती गेली, तवरही रागानंच डोळे लागतात असं समजून गेली.

या थंडीत सून शिकतो म्हणाली. तिले मी पहिल्याच दिवशी सांगितलं — पट्टी घट्ट आवळ. पहिल्याच खेपेले तिचे डोळे हिरवे राहिले. धावत आली सांगायले. मंग म्हणे, "मामाजी, इतकं सोपं हाय तं आत्याबाईले एवढी वर्षं काहून लागली?"

मी म्हणालो, "तिचा हात सैल होता."