फाटकाची कॉइल

रविवार, ९ मार्च. दूध उशिरा आले. भावोजी सकाळीच हजर, सोबत सोल्डरिंग गन. बाथरूमचा नळ पुन्हा गळतो आहे. फाटक जळाले.

भावोजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. उभी हयात लिफ्टच्या दुरुस्तीत गेली. थोरला भाऊ गेल्यावर मागच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावरची त्याची छोटी रेल्वे त्यांनी मनावर घेतली आणि ती डिजिटल केली. आता रुळांत वीज कायम असते, इंजिनाला हुकूम मिळतो रिमोटवरून. पण जुनं सामान काही त्या हुकमाला जुमानेना. स्टेशनचे दिवे रुळांना जोडले, तर बल्ब उडाले आणि फलाटाचं प्लॅस्टिकचं छप्पर वितळून ओघळलं.

उरलं होतं फाटक. लाकडी दांडा, त्याखाली थोरल्याने हाताने गुंडाळलेली कॉइल. गुंडाळताना तारेचं रीळ वहिनींनी धरलं होतं. त्याच्या हातचं धड असं आता तेवढंच शिल्लक होतं.

"भावोजी, ह्याला हात लावायलाच हवा का?"

"अहो वहिनी, जन्मभर माणसं वरखाली नेली मी. एक काडी खाली आणता येणार नाही मला?"

"छपराच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

"ते छप्पर होतं!"

त्यांनी काडेपेटीएवढा डीकोडर बसवला. रुळांतला हुकूम ओळखून फाटकाला वीज द्यायची, हे त्याचं काम. किती वेळ द्यायची, ते मात्र आधी ठरवून द्यावं लागतं. लिफ्टच्या ब्रेकची कॉइल लिफ्ट चालू असेपर्यंत वीज खात राहते. भावोजींच्या हाताला तीच सवय. त्यांनी वीज चालूच ठेवली. थोरल्याचं जुनं बटण दाबून लगेच सोडायचं असे. त्या कॉइलला तेवढा झटका पुरे होता.

फाटक ऐटीत खाली आलं. "बघा!" भावोजी म्हणाले. गाडी निघून गेली आणि जळका वास सुटला. त्यांनी तार उपटली, तोवर कॉइल काळीठिक्कर पडली होती.

भावोजींनी पक्कड आपटली. डीकोडरला, त्याच्या माहितीपुस्तकाला, ते छापणाऱ्याला शिव्या घालून झाल्या. "आणि दादाने तरी कशाला असली नाजूक..."

वहिनींनी खिडकी उघडली.

"नवी गुंडाळतो," ते पुटपुटले.

"गुंडाळा. ती त्यांची नसेल."

भावोजी बराच वेळ दांडा बोटाने वरखाली करत बसले. मग चिडक्या आवाजातच म्हणाले, "वीज गेली की लिफ्ट हातानेच खाली घेतात. दोरा आहे का घरात?"

दांड्याच्या टोकाला दोरा बांधून तो टेबलातल्या भोकातून खाली घेतला. चार वेळा तुटला, चार वेळा भावोजी करवादले. शेवटी इंजिन रिमोटवर निघालं. वहिनींनी दोरा ओढला.

"अहो, इतक्यात कशाला? गाडी अजून बोगद्यात आहे!"

"माझं फाटक आहे. मी ठरवीन."

भावोजी चहा न घेताच गेले, गन विसरून. संध्याकाळी वहिनींनी रोजनिशीच्या त्याच पानावर खाली लिहिलं: काळ्या दोऱ्याचे रीळ संपले. उद्या आणणे.