सगळीकडे सात

ही गोष्ट मी शेजारणीलाही सांगितली नाही — आणि तिला मी काय सांगत नाही? तुम्हाला सांगते.

माझी नात पल्लवी तेव्हा वर्ध्याच्या कॉलेजात होती. तिनं प्रयोगासाठी एक पेटी केली होती. आत दोन खण, एक खाली, एक बोटभर उंच. आणि सायकलचे चाळीस छर्रे. मिक्सरच्या मोटरीनं पेटी थरथरायची, छर्रे उड्या मारायचे. मिनिटभरानं बटण बंद करून वरच्या खणातले मोजायचे, लिहायचे. असं शंभरदा. तिला मैत्रिणीच्या लग्नाला नाचणगावला जायचं होतं. मी चौथी शिकलेली — मोजता येतं. म्हटलं, मी लिहिते.

जाताना ती म्हणाली, "आजी, सरासरी सात येईन, पाह्य." त्यातलं सात तेवढं मी ऐकलं.

बारा वेळा नीट मोजलं. पाच, नऊ, सहा, अकरा... थरथर तीच, छर्रे तेच, मग आकडा काऊन बदलते? गंमत वाटली. मग पाठ दुखली. शेवटी सातच येणार ना? — उरलेल्या सगळ्या ओळींत सात लिहिले. आधीचे बाराही खोडून सात केले. वही कशी देखणी दिसली!

तिच्या सरांनी पाहताच ओळखलं. पेटीची थरथर म्हणजे आच, वर चढलेले छर्रे म्हणजे आतली ऊर्जा; आच सारखी ठेवली तरी ऊर्जा खालीवर होतच राहते, म्हणे. ती किती हलते, यावरूनच कळतं की आच वाढवली तर ती किती वाढेल. म्हणजे पल्लवीला सात नकोच होते. सातच्या आजूबाजूचं हलणं हवं होतं — नेमकं तेच मी पुसलं. सर सगळ्यांसमोर तिला खोटारडी म्हणाले.

घरी येऊन तिनं विचारलं, "आजी, तू पाहूनच लिवलं ना?"

"त मंग? डोये फुटले का माहे?"

तिनं विश्वास ठेवला. महिनाभर पेटीचे स्क्रू काढत बसली — चूक शोधत. मी समोर भाजी निवडत होते. एक वाक्य पुरलं असतं. बोलले का? नाही. नागपूरच्या विज्ञान स्पर्धेला कॉलेजकडून तिच्या जागी दुसरी मुलगी गेली.

त्याला सहा वर्षं झाली. पेटी अजून फळीवर आहे. काल दुपारी खाली काढली, तीस वेळा मोजलं. सात पाचदाच आले.

हे पाहून लिहिलं आहे.