मयत उठेपर्यंत केबल बंद

टीव्हीवर मुंग्या आल्या की आमचे केबलवाले भाऊ आधी टीव्हीच्या कानशिलात एक ठेवून देत. मग वायर तपासत. पुढे सेट टॉप बॉक्स आले, तेव्हा चापटी बॉक्सला बसायला लागल्या. "मार खाल्ल्याशिवाय कोणीच सुदरत नाही बाई," असं म्हणत ते चहाची वाट बघत बसायचे. गंमत म्हणजे चित्र खरंच सुधारायचं, आणि त्यांचा आपल्या तत्त्वज्ञानावरचा विश्वास आणखी घट्ट व्हायचा.

साकोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. समोरची खोली म्हणजे केबलची कंट्रोल रूम. अर्ध्या गावाच्या घरांवरून, कडुनिंबांवरून, विजेच्या खांबांवरून त्यांच्या काळ्या वायरी गेलेल्या. अंगाने धिप्पाड, आवाज भसाडा आणि पँटच्या मागच्या खिशात कायम पक्कड. त्या पकडीने ते वायर कापत, सुपारी फोडत आणि वेळ पडली तर माणसाचा कानही धरत. एका किराणा दुकानदाराने चोरून वायर जोडून घेतली होती. त्याचा कान पकडीत धरून ते त्याला भरबाजारातून घेऊन आले. दुकानदाराची बायको मागून ओरडत होती, "कान तुटून जाइन ना जी!" भाऊ म्हणाले, "तुटला त जोडून देतो. माह्या कामच ते हाय."

असा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याला लोक घाबरतात, मागे शिव्या देतात आणि घरात काही बिघडलं की पहिला फोन त्यालाच करतात.

मी पतसंस्थेत नोकरी करते. आमच्या कार्यालयात पहिलं इंटरनेट त्यांनीच आणलं, त्याच काळ्या वायरीतून. खातेदार रांगेत उभे आणि पडद्यावर गोल फिरतंय, असं झालं की मी त्यांना बोलवायची. ते येऊन मोडेमला एक चापट मारत. आमचे व्यवस्थापक शिकलेले, सुटाबुटातले. ते दर वेळी आपल्यालाच लागल्यासारखे दचकत.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. कंट्रोल रूम खरी तीच चालवायची. तक्रारीचे फोन, चॅनलांची बटणं, सगळं तिच्याकडे. हा मनुष्य तिच्यावरही हात उचलायचा. ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मला त्याचा संताप यायचा, आजही येतो.

पण वहिनी गरीब गाय नव्हती. ज्या दिवशी मार बसायचा, त्या दिवशी ऐन मालिकांच्या वेळेला ती मुख्य बटण बंद करून टाकायची. अख्ख्या गावाची केबल ठप्प. सगळ्या बायका समजायच्या, आज वहिनीला मारलं. फोनवर फोन यायचे. एकदा तर पाच-सहा जणी लाटणी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "काहून मारलं तिले? आमचा टीव्ही चालू करा, नाही त तुमचा बंद करतो!" एवढा दांडगा मनुष्य मागच्या दाराने पळाला. पुढे केबल बंद पडणं कमी कमी होत गेलं. त्यावरून काय समजायचं ते आम्ही समजलो.

केबल आणखी एका कारणाने बंद व्हायची. गल्लीत कोणी गेलं की मयत उठेपर्यंत त्या भागाचा टीव्ही ते बंद ठेवत. कुणाला विचारत नसत. आमच्याकडे मयत घरात असताना शेजारची चूल पेटत नाही, ते म्हणत, "चूल बंद त टीव्ही काहून चालू?" एका घरात रडारड आणि भिंतीपलीकडे नाचगाणी, हे त्यांना खपत नसे.

एकदा क्रिकेटचा मोठा सामना आणि त्याच दुपारी गल्लीतली एक म्हातारी गेली. भांडकुदळ होती, तिच्या जाण्याचं फारसं कुणाला दुःख नव्हतं. भाऊंनी केबल बंद केली. वीसेक पोरं जमली. "भाऊ, चालू करा ना, बुढी काय ऐकून राहिली का?" हे दारात बांबू घेऊन उभे. पहिला दगड खिडकीवर बसला, दुसरा ह्यांच्या कपाळावर. रक्त डोळ्यांत उतरलं तरी बांबू फिरतच होता. एका पोराचं मनगट मोडलं, दुसऱ्याचे समोरचे दात गेले. म्हातारीची तिरडी कोपऱ्यावरून वळली, तेव्हा ते आत ओरडले, "लाव वो आता!" आणि मग टाके घालायला गेले. त्या म्हातारीशी त्यांचं स्वतःचं दोन वर्षं बोलणं नव्हतं.

मग फायबर आलं.

कंपनीची माणसं शिड्या घेऊन आली आणि ह्यांच्याच काळ्या वायरींच्या शेजारी आपल्या बारीक वायरी बांधू लागली. ह्यांनी त्या कापल्या. त्यांनी ह्यांच्या कापल्या. हायवेवरच्या चौकात एकदा दिवसाढवळ्या जुंपली. ह्यांनी शिडीवरच्या माणसाला शिडीसकट खाली ओढलं, तर त्याच्या साथीदारांनी ह्यांना नालीत लोळवून लाथांनी तुडवलं. गळ्याचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधलेला असताना दुसऱ्या हातात पक्कड घेऊन ते वायरी शोधत फिरायचे.

त्याने काय थांबणार होतं? घरोघरी भिंतीवरचे मोठे टीव्ही आले. नवरा एका खोलीत बातम्या बघतोय, बायको स्वयंपाकघरात फोनवर मालिका, मुलगी कानात बोंडं घालून तिसरंच काहीतरी. आमच्याकडेही फायबर लागलं. पतसंस्थेचं सगळं काम ऑनलाइन झालं, तिथे जुनी वायर पुरेना. ज्या दिवशी कार्यालयात फायबर जोडलं, त्या दिवशी ते आले, नवा राउटर भिंतीतून उपटला आणि व्यवस्थापकांच्या टेबलावर आपटला. टेबलाची काच फुटून व्यवस्थापकांच्या गालात घुसली. "माह्या हातची पयली लाइन होती इथं," एवढंच बोलले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी नवा राउटर लागला, या वेळी छताजवळ.

वहिनी तेव्हाच आजारी पडायला लागली होती. मी भेटायला गेले, तर ती कंट्रोल रूमच्या खाटेवर बसली होती. तक्रारीचा फोन गप्प. लाल दिवे मात्र लुकलुकत होते. माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "आता मी बटन बंद केलं तरी कोणाले मालूम पडत नाही बाई. मले काही झालं त तुम्ही कशा येसान?"

 मी तिच्या पायांना तेल लावून दिलं.

ती मागच्या उन्हाळ्यात गेली, भर दुपारी. अंगणात तिला ठेवलं होतं. लेक पवनीच्या पुढे, गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनातल्या गावात दिलेली. ती येईपर्यंत थांबायचं होतं. आम्ही बायका भोवती बसलो होतो. ते उठले, आत गेले आणि मुख्य बटण स्वतः बंद करून बाहेर आले. पायाशी बसले आणि कान देऊन ऐकायला लागले.

समोरच्या घरात सामना चालू होता. समालोचक ओरडत होता, घरातली मंडळी टाळ्या पिटत होती. त्यांच्या घरी फायबर होतं. ह्यांच्या बटणाचा त्यांच्याशी संबंधच उरला नव्हता. त्यांना वहिनीची बातमी कळली होती की नाही, देव जाणे.

ते उठले. कोपऱ्यातली सब्बल, लोखंडी पहार, उचलली. मला वाटलं, रडायला आडोशाला चालले; हातातल्या सब्बलीकडे माझं लक्षच गेलं नाही. दुसऱ्याच क्षणाला समोरून काच फुटल्याचा आवाज आला आणि बाई किंचाळली. सब्बल टीव्हीतून आरपार भिंतीत रुतली होती. घरमालक आडवा आला, तर त्याच्या तोंडावर असा ठोसा बसला की तो दिवाणावरून खाली गेला. पण तोवर शेजारच्या घरातून तोच आवाज यायला लागला. मग त्याच्या शेजारच्या.

किती घरं फोडणार? ते खांबावर चढले. त्या वयात, मोडलेल्या गळ्याच्या हाडाने. पकडीने फायबरचे झुपकेच्या झुपके तोडून खाली टाकू लागले. वर चढायची हिंमत कुणाची नव्हती. खालून एकाने दगड मारला, तो पाठीत बसला, त्यांनी मागे बघितलंही नाही. तिथून चौकात गेले आणि कंपनीची पेटी सब्बलीने ठेचून काढली. मला कार्यालयातून फोन आला, "नेट गेलं. सगळंच बंद. लोक ओरडून राहिले." ते परत आले तेव्हा दोन्ही तळहात सोललेले होते आणि सदऱ्यावर रक्त होतं, त्यांचं की समोरच्याचं, कोण जाणे.

गल्ली गप्प झाली. झाडावरचे होले घुमताना ऐकू येऊ लागले. ते वहिनीच्या पायाशी बसले. मला त्यांची भीती वाटत होती, तरी मी जागची उठले नाही.

आणि फाटकाजवळ कुणीतरी ओरडलं, "चौकार!"

तिरडी बांधायला आलेल्या माणसांपैकी एकाच्या फोनमधून ते आलं होतं. तो बिचारा खिसा दाबून धरत होता. आवाज थांबेना. ते उठून त्याच्यासमोर उभे राहिले. आता हा खून करतो, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. त्यांनी फोन हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, कडेकडेने बोट फिरवलं.

"याची वायर कोठी हाय?"

"वायर नसते ना भाऊ."

"मंग बंद कसं करतेत?"

त्या माणसाने भीत भीत बोट लावलं. फोन बंद झाला. "सांगितलं असतं त केला असता ना भाऊ," तो हळूच म्हणाला.

उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आधी मारायचे. ते त्या माणसाकडे बघत राहिले, मग पुढच्याकडे वळले. रक्ताचे हात जोडले. "तुमचाबी बंद करा ना जी. तिची मयत उठेपावतर." मग त्याच्या पुढच्याला. त्यांना धरायला आलेले दोघे पोलीस फाटकात उभे होते, त्यांनाही हात जोडले. त्यातल्या जमादाराने फोन काढला आणि बंद केला. लेक आली. तिरडी उठली. हातात आगीचं मडकं घेऊन ते पुढे निघाले. समोरच्या घराशी थांबले. फुटक्या ओठाचा घरमालक दारातच उभा होता. ते त्याला काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. त्या माणसाने चपला घातल्या आणि तोही मागे चालू लागला.

आम्ही बायका कोपऱ्यावरून परतलो. पुढचं मला जमादाराने सांगितलं. तो आमच्याच मागच्या गल्लीत राहतो.

नदीवरून ओल्या कपड्यांनीच त्यांना ठाण्यात नेलं. गुन्हा नोंदवायला बसले, तर संगणक चालेना, नेट नव्हतं. जमादार म्हणाला, "भाऊ, आजच्या दिवस घरी जा. उद्या सकाळी या, पळून थोडी जाणार हाय तुम्ही." ते हलेनात. म्हणाले, "घरी नाही जात जी. इथंच बसू द्या."

नंतर लेकीने त्यांना आपल्या गावी नेलं. खटल्याच्या तारखेला ते येतात म्हणे, पण गल्लीत पाऊल टाकत नाहीत. कंट्रोल रूमला कुलूप आहे.

त्या संध्याकाळी ते ठाण्याच्या बाकावर बसून होते. चहा दिला, तो तसाच राहिला. ठाण्यातही गप्पच होतं सगळं. त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, लावा ना जी थोडासा. काहीबी लावा. असं चूपचाप नाही बसवत."

जमादाराने रिमोट दोन-तीनदा दाबला. टीव्ही लागला नाही. त्याचीही लाइन चौकातल्या त्या पेटीतूनच आली होती.