कागद न शिरणारी पेटी

गुण्या हे त्याचं खरं नाव नव्हे. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. हा माणूस कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तरी पाणी प्यायच्या आधी दाराची चौकट सरळ आहे की नाही ते बघायचा, म्हणून लोकांनी त्याला ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. चौतीस वर्षं त्यानं कपाटं केली. कपाट उभं राहिलं की तो खिशातून कागदाचा चिटोरा काढायचा आणि एकेका सांध्यावरून फिरवायचा. कागद आत शिरला तर काम अपुरं. गिऱ्हाईक बिचारं म्हणायचं, अहो, उत्तम झालंय, आता हात धुवा. पण हा ऐकेल तर शपथ. अशा माणसाच्या हाताखाली काम करणं म्हणजे काय असतं, ते त्याच्या धाकट्या भावाला विचारावं. त्यानं एकवीस वर्षं केलं.

दोघा भावांचं सगळं बोलणं कामातच व्हायचं. एकानं फळी धरायची, दुसऱ्यानं करवत चालवायची, आणि मधल्यामध्ये आईचं आजारपण, घराची वाटणी, धाकट्याचं मोडलेलं लग्न, असल्या जड गोष्टी निघायच्या आणि मिटायच्यासुद्धा. दोघांना समोरासमोर खुर्च्यांवर बसवलं असतं तर मूग गिळून बसले असते. हात रिकामे असले की ह्यांची जीभही रिकामी, असं गुण्याची बायको आजही सांगते.

सहा वर्षांपूर्वी एका घरी छतापर्यंतचं मोठं कपाट झालं होतं. गिऱ्हाईक खूश होतं, हत्यारं पिशवीत गेली होती. तेवढ्यात गुण्याला खालूनच वरच्या पट्टीपाशी केसाएवढी फट दिसली. धाकटा म्हणाला, "दादा, राहू दे. कुणाला दिसत नाही." गुण्या म्हणाला, "मला दिसते." धाकटा पुन्हा शिडी चढला, गुण्यानं ती खालून धरली. मग हात सोडून गुण्या पिशवीतून सरसाची बाटली काढायला वाकला आणि गुळगुळीत फरशीवरून शिडी सरकली.

धाकट्याच्या पाठीचा कणा दुखावला तो कायमचा. कमरेखाली जीव उरला नाही. तो दुसऱ्या गावी बहिणीकडे राहायला गेला, चाकांच्या खुर्चीत बसून कॉम्प्युटर शिकला, आणि आता लोकांच्या कपाटांचे नकाशे काढून देतो. दर आठवड्याला गुण्या फोन करायचा. तब्येत कशी, बरी आहे, ऊन फार आहे, हो इकडेही आहे, इतकं झालं की दोघे एकमेकांचा श्वास ऐकत बसायचे. चार मिनिटांच्या पुढे फोन कधी गेला नाही. गुण्याला एक गोष्ट बोलायची होती आणि ती सहा वर्षं राहून गेली होती. रिकाम्या हातानं ती त्याला बोलताच येत नव्हती.

मग एकदा धाकट्यानंच विषय काढला. एक खेळ आहे म्हणाला. दोन गावांतली दोन माणसं एकाच जंगलात शिरतात, झाडं तोडतात, फळ्या पाडतात, घर उभं करतात, आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात. गुण्या म्हणाला, माझं काय वय आहे का खेळायचं? त्यावर धाकटा एवढंच म्हणाला, "तुझे हात कामात राहतील, दादा."

फोन ठेवल्यावर गुण्या बराच वेळ गॅलरीत उभा राहिला. धाकट्याला सगळं कळतं, हे त्याला नव्यानं कळलं.

घरातला जुना कॉम्प्युटर बिलं छापण्यापुरता होता. खेळाचं नाव काढताच त्यानं मान टाकली. नवा घ्यायचा तर तयार घ्यायचा की सुटे भाग आणून जोडायचा, असं गुण्यानं विचारलं. धाकटा म्हणाला, जन्मभर तयार कपाटं घेणाऱ्यांना नावं ठेवलीस, आता कुठल्या तोंडानं तयार घेणार? यादी मात्र त्यानं दिली नाही. नियम तेवढा एक सांगितला: "कुठलाही भाग एकटा निवडायचा नाही. शेजाऱ्याला विचारून निवडायचा."

बायको म्हणाली, पन्नाशी उलटली आणि खेळायला निघालात. पण दुसऱ्या दिवशी जेवायच्या टेबलाची अर्धी बाजू तिनं मोकळी करून दिली.

पुढचे तीन आठवडे गुण्यानं कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईंच्या नाकी नऊ आणले. सगळ्यात मोठा, सगळ्यात महाग भाग दाखवा म्हणणारी गिऱ्हाइकं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. कानावर पेन्सिल अडकवून, हातात टेप घेऊन प्रत्येक भागाची लांबी-रुंदी-जाडी मोजणारा हा पहिलाच. आधी त्यानं प्रोसेसर ठरवला. हा चौकोनी तुकडा म्हणजे यंत्राचं डोकं, असं बाईंनी सांगितलं. गुण्यानं वहीत लिहिलं, 'डोकं, बोटाच्या दोन पेरांएवढं'. मग ते ज्यावर बसतं तो मदरबोर्ड. पहिला बोर्ड त्याला दिसायला आवडला होता, पण त्याचं बसायचं घर मागच्या पिढीचं निघालं आणि नवं डोकं त्यात मावेना. गुण्याला वाईट वाटलं नाही. बिजागरी आवडली म्हणून दार बदलत नाहीत, एवढं तो जाणून होता.

रॅमच्या वेळी गंमत झाली. बाईंच्या मदतनिसानं घाईत फळीवरून दोन पट्ट्या काढून दिल्या. लांबी तीच, रंग तोच. गुण्यानं पट्टी बोर्डावरच्या खाचेशेजारी धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, ही बसायची नाही. मदतनीस म्हणाला, काका, सगळ्या सारख्याच असतात. गुण्यानं पट्टीच्या खालच्या कडेची बारीक खाच दाखवली. बोर्डावरच्या उंचवट्यापासून ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकलेली होती. बाईंनी चष्मा लावून पाहिलं, खोक्यावरचं वाचलं, आणि मदतनिसाकडे असं पाहिलं की तो आत चहा बघायला निघून गेला. जुन्या जातीची रॅम होती ती. त्या दिवसापासून बाई गुण्याला बसायला खुर्ची देऊ लागल्या.

पॉवर सप्लाय निवडताना त्यानं प्रत्येक भाग किती वीज खातो ते वहीत मांडलं आणि वर थोडी जास्तीची धरली, जशी पुस्तकांच्या फळीला आपण जाडी जास्त देतो. पडद्यावरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड मात्र वीतभराहून लांब आणि विटेएवढं जाड निघालं. घरी येऊन त्यानं पुठ्ठ्याचे साचे कापले. बोर्ड, कार्ड, पंखा, पॉवर सप्लाय, सगळ्यांचे, खऱ्या मापाचे. जेवायच्या टेबलावर तो ते मांडायचा, सरकवायचा, पंख्याचा साचा रॅमच्या डोक्याला लागतो का ते बघायचा. बायकोनं विचारलं, हे काय, बाहुलीचं घर का? गुण्या म्हणाला, हो, आणि बाहुल्या फार भांडकुदळ आहेत.

राहिली ती केस, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं ती पेटी. बाईंनी लोखंडी दाखवल्या. पातळ पत्र्याच्या, पुढून जाळीच्या, कोपऱ्यात बोट घालता येईल एवढ्या फटींच्या. गुण्याचा चेहरा आंबट झाला. असलं काही तो आपल्या घरात ठेवणार नव्हता, भावाशी बोलायच्या यंत्रासाठी तर मुळीच नाही. पेटी मी करीन म्हणाला. बाईंनी एवढंच सांगितलं की मागे एक पंखा लावा, तो गरम हवा बाहेर फेकेल. गुण्यानं तेवढं ऐकलं. बाकीचं बाईंना सांगावंसं वाटलं असेल, पण रॅमच्या प्रकारानंतर त्या त्याला शहाणपण शिकवायला जरा बिचकत होत्या.

पेटीला बारा दिवस लागले. जुनं, मुरलेलं सागवान. आत कोपऱ्यांना तांब्याच्या पट्ट्या. मागे पंख्यापुरतं गोल भोक. आयुष्यात इतकं नेटकं काम आपण केलं नाही असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं. झाकण बसवून त्यानं खिशातला कागद काढला. चारी बाजूंनी फिरवला. कुठेही शिरला नाही. धाकट्यानं फोटो मागितला होता, तो त्यानं मुद्दाम पाठवला नाही. पहिल्या दिवशीच दाखवू म्हणाला.

झाकण उघडं ठेवून यंत्र चालवून पाहिलं तेव्हा ते पहिल्या झटक्यात सुरू झालं होतं. रविवारी सकाळी दहाला झाकण घट्ट लावून, हेडफोन चढवून गुण्या बसला. बायको मागे उभी राहिली. पडद्यावर जंगल आलं, आणि झाडांमधून एक माणूस हात हलवत चालत आला. तो धाकटा होता. तो चालत होता. गुण्याला त्याचं काय करावं ते कळेना. त्यानं चष्मा पुसला.

दोघांनी झाडं तोडायला घेतली. गुण्याचा हात बसायला वेळ लागला, पण दहा मिनिटांत तो फळ्या पाडू लागला. आता बोलावं, आता बोलावं असं म्हणत त्यानं पाच फळ्या पाडल्या. शेवटी घसा खाकरून तो म्हणाला, "एक सांगायचं होतं," आणि पडदा काळा झाला. यंत्र बंद. पुन्हा लावलं, दोन मिनिटांत पुन्हा बंद. पेटीवर हात ठेवला तर लाकूड तापलेलं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तीन आठवडे एकेक खाच तपासली होती, सगळं सगळ्याला बसत होतं, मग चुकलं कुठे? त्यानं फोन लावला. धाकट्यानं शांतपणे विचारलं, "पेटी कुठली घेतलीस?"

"घेतली नाही. केली."

"कागद फिरवलास?"

"फिरवला."

"शिरला?"

"नाही."

धाकटा हसायला लागला. सहा वर्षांत गुण्यानं ते हसू ऐकलं नव्हतं. रंध्याच्या भुशात बसून चहा पिताना तो असा हसायचा. मग त्यानं समजावलं. मागचा पंखा हवा बाहेर फेकतो हे बरोबर, पण आत यायला वाट नको का? कागद शिरत नाही तिथे हवा कशी शिरणार? लोखंडी पेटीची ती जाळी उगाच नसते. पुढच्या फळीला भोकं पाड म्हणाला, भरपूर.

गुण्यानं पेटीची पुढची फळी सोडवली आणि गॅलरीत नेली. फोनचा स्पीकर चालू करून शेजारी ठेवला. बारा दिवसांत पॉलिश केलेल्या त्या फळीवर त्यानं गुण्या लावून रेघा आखल्या आणि ड्रिल हातात घेतलं. पहिलं भोक पाडताना जिवावर आलं. दुसऱ्याला कमी. पाचव्याच्या वेळेस हात आपोआप चालू लागले आणि भुसा पायावर पडू लागला. गॅलरीच्या उंबऱ्यावर बसलेल्या बायकोला ते दिसलं असावं, कारण ती उठून आत गेली.

"त्या दिवशी तू राहू दे म्हणालास," गुण्या फळीवरची नजर न काढता म्हणाला. "मी राहू द्यायला हवं होतं. माझं चुकलं."

त्यानं आणखी एक भोक पाडलं.

"मला राग होता, दादा," धाकटा म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पहिली दोन वर्षं तुझा फोन आला की ताईला सांगायचो, झोपलाय म्हण."

"ठाऊक होतं मला."

"तरी करायचास."

"हो."

"बरं केलंस," धाकटा म्हणाला. मग त्यानं विचारलं, "किती झाली?"

"नऊ."

"चाळीस तरी पाड. आणि रेघा आखल्या असशील."

"आखल्यात."

"माहीत होतं मला," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता. गुण्याचाही झाला होता, पण त्याच्याकडे ड्रिल होतं, त्यानं ते चालू केलं.

दुपारी चारपर्यंत त्रेचाळीस भोकं झाली. फळी पुन्हा बसवली तेव्हा पेटीचं तोंड देवीचे व्रण उठलेल्या माणसासारखं दिसत होतं. यंत्र चालू करून गुण्यानं हात पुढे धरला. आत ओढली जाणारी हवा बोटांना लागली. यंत्र बंद पडलं नाही, सुरूच राहिलं. जंगलात धाकटा त्याच जागी थांबला होता.

संध्याकाळपर्यंत चार भिंती उभ्या राहिल्या. दोघे आईबद्दल बोलले, ताईच्या गुडघ्यांबद्दल बोलले, धाकट्याच्या नकाशांवर नाक मुरडणाऱ्या एका गिऱ्हाइकाला दोघांनी मिळून शिव्या घातल्या. मग छताखालची शेवटची फळी धाकट्यानं शिडी चढून बसवली आणि तो खाली उतरला. ती जरा कमी पडली. वरच्या बाजूला केसाएवढी फट राहिली आणि तिच्यातून मावळतीचं ऊन आत जमिनीवर पडलं.

"दादा," धाकट्यानं विचारलं, "दिसते का तुला?"

"दिसते."

"चढू का पुन्हा?"

"राहू दे," गुण्या म्हणाला. "खालीच थांब. दार बसवायला घेऊ."